नाईलवरची नौका कशी बांधत आणि कशी हाकत : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

प्राचीन इजिप्तच्या नौकांविषयी वाचू लागलेला माणूस बहुधा सर्वांत आधी खुफू राजाच्या नौकेच्या छायाचित्रापाशी येऊन थांबतो. लेबनॉनच्या देवदारात बांधलेली, त्रेचाळीस मीटरांहून लांब आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही नौका पाहून थक्क होणे साहजिकच आहे. मात्र गोंधळही तेथूनच सुरू होतो, कारण या नौकेला डोलकाठी नाही, तळाला कणा नाही आणि फळ्या एकमेकींशी जखडणारा एकही खिळा नाही. हा गोंधळ टाळायचा असेल तर पुरी झालेली नौका तूर्त बाजूला ठेवावी आणि पहिल्या फळीपासून ती मनात बांधत जावी. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. हौस म्हणून किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी लाकडी प्रतिकृती करणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा, कारण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांत आधी बरगड्या उभ्या करून मग त्यांवर फळ्या बसवायला सांगतात, आणि इजिप्शियन सुतार नेमके याच्या उलट करत असे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही नौका पुढे कधीतरी सोडवावी लागणार आहे, हे धरूनच तिची बांधणी होत असे. तिच्यातील खाचा, दोर, आखूड फळ्या आणि लाकडावरच्या खुणा यांतील बराचसा उलगडा या एका गोष्टीने होतो.

पायरी पहिली : नदी आणि वारा समजून घ्यावा

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वर्षातील बराच काळ वारा उत्तरेकडून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने, दक्षिणेकडे वाहतो. उत्तरेला जाणाऱ्या नौकेला प्रवाह नेतो आणि दक्षिणेला जाणाऱ्या नौकेला वारा नेतो, अशी सोय फार थोड्या नद्यांवर आहे. इजिप्शियन चित्रलिपीतही दक्षिणेच्या प्रवासासाठी शीड उभारलेली नौका काढत आणि उत्तरेच्या प्रवासासाठी शिडाविना नौका काढत. नवख्याने नकाशा समोर घेताना एवढे लक्षात ठेवावे की ‘वरचा इजिप्त’ म्हणजे दक्षिणेकडचा, उगमाकडचा प्रदेश, आणि तो नकाशात खाली दिसतो.

या सोयीचा खरा लाभ मालवाहतुकीत दिसतो. ग्रॅनाइट अस्वानचे, म्हणजे अगदी दक्षिणेचे, आणि गीझाच्या पिरॅमिडांच्या बाहेरच्या थराचा पांढराशुभ्र चुनखडक नदीच्या पूर्वेकडील तुरा येथला, तोही गीझाच्या वरच्या अंगाला. त्यामुळे भरलेली नौका प्रवाहाबरोबर उतरे आणि रिकामी, हलकी झालेली नौका वाऱ्यावर परत चढे. खाणी उलट बाजूला असत्या तर पिरॅमिडांच्या बांधकामाचे गणित पार बदलले असते, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट पुराची. १९७० मध्ये अस्वानचे मोठे धरण पुरे होण्यापूर्वी नाईलला दरवर्षी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पूर येई आणि पाणी शेतांवर पसरून वाळवंटाच्या कडेपर्यंत पोहोचे. जड दगड पायथ्याशी उतरवण्याचे काम या दिवसांत साधून घेत. पुराआधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी आटले की वाळूचे बांध उघडे पडत आणि मोठ्या नौकेला वाट उरत नसे. वारा पडला किंवा नदी वळण घेऊन आडवी गेली, तर काठावरून माणसे दोराने नौका ओढत.

पायरी दुसरी : लव्हाळ्याची की लाकडाची, हे ठरवावे

रोजची मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार, दलदलीतून गुरे उतरवणे अशा कामांसाठी पपायरसची होडी पुरे. पपायरस ही लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती असून तिचा दांडा त्रिकोणी छेदाचा, माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत वाढणारा आणि आत हवेने भरलेल्या भेंडाचा असतो. दांडे कापून त्यांच्या जुड्या करत, दोराने आवळून त्या एकमेकींना बांधत आणि दोन्ही टोके निमुळती करून वर वळवत. थडग्यांतील चित्रांत माणसे जुडीवर पाय रोवून दोर ओढताना दिसतात. ती पाहिली म्हणजे आवळण्यालाच किती जोर लागत असेल हे कळते. अशी होडी लवकर तयार होते आणि सहसा बुडत नाही, पण दांडे हळूहळू पाणी पितात आणि कुजतात, म्हणून ती फार काळ टिकत नाही.

१९७० साली नॉर्वेचे प्रवासी-संशोधक थॉर हेयरडाल यांनी ‘रा-२’ या अशाच होडीतून मोरोक्कोतील साफी येथून बार्बाडोसपर्यंतचा अटलांटिक ५७ दिवसांत पार केला. त्यावरून लव्हाळ्याची होडी समुद्रात तग धरू शकते एवढे सिद्ध होते. इजिप्शियन लोक अमेरिकेला गेले होते असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि नवख्याने या कल्पनेत अडकू नये.

पपायरसच्या होडीचा आकार मात्र पुढे लाकडात उतरला. खुफूच्या नौकेची उंच उचललेली नाळ, म्हणजे पुढचे टोक, पपायरसच्या कळीसारखी कोरलेली आहे. धार्मिक विधींच्या आणि राजाच्या नौकांनी हा जुना आकार शेवटपर्यंत जपला.

पायरी तिसरी : लाकूड मिळवावे

येथे इजिप्तची खरी अडचण सुरू होते. देशात सरळ, लांब सोटाचे झाड जवळजवळ नव्हते. जे होते ते म्हणजे बाभूळ, उंबराच्या जातीचे सिकॅमोर आणि झाऊ. बाभूळ तर आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांना आणि नांगरांना वापरत तीच. ती कणखर, जड आणि पाण्यात टिकणारी आहे, पण वाकडीतिकडी वाढते आणि तिच्यातून निघणाऱ्या फळ्या आखूड असतात. आखूड फळ्यांची लांब नौका कशी करायची, या एका प्रश्नाभोवती इजिप्तची नौकाबांधणी फिरत राहिली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेला, तेव्हा त्याने पाहिलेली मालवाहू नौका बाभळीच्या दोन-दोन हात लांबीच्या फळ्या विटांप्रमाणे रचून बांधलेली होती. बेनी हसन येथील खनुमहोतेपच्या थडग्यातील, त्याच्या चौदाशे वर्षे आधीच्या चित्रातही अशाच आखूड फळ्या दिसतात.

लांब फळ्या हव्या असल्या तर देवदार लेबनॉनच्या डोंगरांतून आणावा लागे आणि तो बिब्लॉस बंदरातून येई. स्नेफ्रू राजाच्या, म्हणजे खुफूच्या वडिलांच्या, काळात देवदाराने भरलेली चाळीस जहाजे आल्याची नोंद पालेर्मो शिलालेखात आहे. हे लाकूड राजाचे आणि देवाचे. साध्या तांडेलाच्या वाट्याला बाभूळच.

वेनी नावाच्या अधिकाऱ्याचे चरित्र त्याच्या अबिडोस येथील थडग्यात कोरलेले होते. मेरेन्रे राजासाठी हातनुब येथील दगडाची मोठी वेदी आणण्याकरिता बाभळीचा पडाव, म्हणजे जड ओझ्याची मोठी नौका, बांधल्याचे तो त्यात सांगतो. पडाव साठ हात लांब आणि तीस हात रुंद होता. इजिप्शियन राजहात सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरांचा, म्हणजे आजच्या मापात हा पडाव जवळजवळ ३१ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद भरतो. तो १७ दिवसांत तयार झाला आणि वाळूच्या बांधांवर पाणी नसतानाही आपण तो सुखरूप पोहोचवला, असे वेनी अभिमानाने नोंदवतो. अधिकाऱ्याच्या बढाईतला थोडा भाग वजा केला तरी, आखूड बाभळीतून एवढे मोठे काम झपाट्याने होऊ शकत होते, हे यातून कळते.

पायरी चौथी : फळ्या तासाव्यात

हत्यारे मोजकीच असत. तांब्याची, पुढे काशाची कुऱ्हाड, वाकस, पटाशी, करवत, दोरीच्या धनुष्याने फिरवायचा सामता आणि लाकडी मोगरी. रंधा नव्हता. वाकसाने तासून झाल्यावर वाळूच्या दगडाने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करत. करवत ओढताना कापणारी असे, म्हणून ओंडका उभा खांबाला बांधून सुतार त्याच्यासमोर उभा राहून वरून खाली कापत जाई. मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली सापडलेल्या लाकडी बाहुल्यांच्या सुतारशाळेत ही पद्धत स्पष्ट दिसते.

फळ्या वाफवून वाकवण्यावर फारशी भिस्त नव्हती. हवा तो बाक जाड लाकडातून तासूनच काढत. त्यात लाकूड वाया जाते हे खरे, पण तासलेली फळी आपला आकार सोडत नाही, आणि सोडवून पुन्हा जोडायच्या नौकेला हेच हवे असते.

पायरी पाचवी : आधी कवच उभे करावे

प्रथम तळाच्या मधल्या फळ्या टोकाला टोक लावून जमिनीवर, आधारांवर मांडाव्यात. कण्याचा वेगळा, खाली उतरणारा सोट येथे नाही. तळाची मधली जाड फळीच ते काम थोडेफार करते. मग दोन्ही बाजूंनी एकेक फळी चढवत जावे. कवच पुरे होईपर्यंत आत बरगडी बसवायची नाही, कारण नौकेचा आकार फळ्याच ठरवतात.

दोन फळ्या कडेला कड लावून जुळवायच्या म्हणजे काय करायचे, हे जरा जवळून पाहू. खालच्या फळीच्या वरच्या कडेत पटाशीने अरुंद, खोल खाच पाडायची. वरच्या फळीच्या खालच्या कडेत बरोबर तिच्यासमोर तशीच दुसरी खाच. त्यांच्यात बसेल अशी कठीण लाकडाची सुटी, चपटी जीभ तासून घ्यायची, ती अर्धी खालच्या खाचेत रोवायची आणि उरलेल्या अर्ध्या भागावर वरची फळी ठोकून बसवायची. एका कडेत अशा अनेक जिभा येतात आणि त्या सगळ्या एकाच वेळी आपापल्या खाचेत शिरल्या पाहिजेत. एखादी खाच बोटभर जरी सरकली तरी फळी बसत नाही. सक्कारा येथील ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, इ.स.पू. पंचविसाव्या शतकाच्या आसपास कोरलेल्या दृश्यात हेच चालले आहे. कोणी वाकसाने तासतो आहे, कोणी पटाशी-मोगरीने खाच पाडतो आहे, आणि काही जण वरची फळी ठोकून खालच्या फळीवर बसवत आहेत. एकाच चित्रावर वेळ घालवायचा असेल तर नवख्याने या चित्रावर घालवावा.

भूमध्य समुद्रातील इतर बांधकऱ्यांनी पुढे या जिभांतून आडव्या खुंट्या मारून सांधा कायमचा बंद केला. जुन्या इजिप्शियन पद्धतीत जीभ बहुधा मोकळीच राहते. ती फळ्यांना सरकू देत नाही, पण वरची फळी उचलली तर सुटून येते.

फळ्यांच्या कडा सरळ रेषेत कापण्यापेक्षा त्यांना पायऱ्यापायऱ्यांचा, नागमोडी आकार देत. त्यामुळे शेजारच्या फळ्या एकमेकींत अडकतात आणि लांबीच्या दिशेने घसरत नाहीत. शिवाय वाकड्या लाकडातून निघालेला वाकडा तुकडाही कामी लागतो. प्रतिकृती करणाऱ्यांनी या कडा सरळ करण्याचा मोह टाळावा.

पायरी सहावी : दोराने आवळावे

जिभांनी फळ्या जुळल्या, पण बांधल्या गेल्या नाहीत. ते काम दोराचे. खुफूच्या नौकेत प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला इंग्रजी व्ही अक्षरासारखे बोगदे पाडलेले आहेत. दोर एका तोंडातून आत शिरतो आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरच्या, पाण्याला लागणाऱ्या अंगाला एकही भोक पडत नाही. बाज विणताना दोरी जशी एका माचव्यापासून समोरच्या माचव्यापर्यंत जाते, तसा हा दोर नौकेच्या एका काठापासून तळावरून दुसऱ्या काठापर्यंत आडवा जातो आणि सगळे कवच एकदम आवळतो.

आपल्याकडच्या शिवलेल्या नौकांशी याची गल्लत होऊ देऊ नये. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून गोव्यात बांधलेली आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ काथ्याने शिवलेली आहे. तिथे टाके दोन फळ्यांच्या सांध्याला धरून, फळ्यांच्या आरपार जातात. इजिप्तमध्ये दोर सांध्यांना आडवा जातो आणि आरपार जात नाही. दोन्ही पद्धतींत खिळा नाही एवढेच साम्य.

सांध्यांवर आतून अर्धगोल पट्ट्या ठेवून त्याही याच दोराखाली दाबत. अबिडोस येथे १९९१ साली सापडलेल्या चौदा नौका पहिल्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांच्या फटींत लव्हाळ्याच्या जुड्या भरलेल्या होत्या. हिरोडोटसही पपायरसने आतून फटी बुजवल्याचे सांगतो. नौका पाण्यात उतरली की लाकूड फुगते, ओला दोर आखडतो आणि सांधे आपोआप घट्ट होतात. म्हणून पहिल्या दिवशी थोडे पाणी आत आले तर घाबरण्याचे कारण नसे.

यानंतर आतील काम. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडव्या तुळया, त्यांखाली टेकू, मोजक्या बरगड्या, वर सुटे तक्ते आणि हवी असल्यास खोली.

पायरी सातवी : डोलकाठी, शीड आणि सुकाणू

कणा नसल्यामुळे एकाच जड डोलकाठीचा भार पातळ तळावर टाकणे धोक्याचे होते. म्हणून जुन्या राज्याच्या, म्हणजे खुफूच्या आणि पिरॅमिडांच्या, काळात दोन पायांची, वर जुळलेली डोलकाठी वापरत आणि तिचा भार दोन्ही बाजूंना विभागला जाई. शीड उंच, अरुंद आणि चौकोनी असे. त्यानंतरच्या, मध्य राज्याच्या काळात डोलकाठी एकच झाली, आणि त्याहीपुढे नव्या राज्याच्या काळात शीड रुंद आणि बुटके झाले. प्रतिकृती कोणत्या काळाची आहे हे आधी ठरवावे. जुन्या राज्याच्या नौकेवर रुंद शीड लावणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. उत्तरेला निघताना डोलकाठी उतरवून आडवी ठेवत आणि वल्ही बाहेर काढत.

सुकाणू म्हणजे पिछाडीला बांधलेली मोठी वल्ही. आधी ती दोन-तीन किंवा अधिक असत आणि प्रत्येकीवर एक माणूस असे. पुढे खांबावर टेकवलेले, दांड्याने वळवायचे एकच मोठे वल्हे पुरेसे झाले.

पायरी आठवी : माणसे बसवून नौका हाकावी

नाळेवर काठी घेऊन उभा असलेला माणूस सर्वांत महत्त्वाचा. तो पाण्याची खोली मापतो आणि वाळूचा बांध दिसताच मागे सुकाणूवाल्याला हाक देतो. मेकेत्रेच्या थडग्यातील लाकडी नौकांत हा माणूस आहे, वल्हेकरी आहेत, छताखाली बसलेला मालक आहे, आणि मागोमाग येणारी स्वयंपाकाची वेगळी नौकाही आहे.

दैनंदिन कामाचा सर्वांत चांगला पुरावा मात्र मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी हा आहे. खुफूच्या नौकेपेक्षा येथून सुरुवात केलेली बरी, असे माझे मत आहे, कारण राजाची नौका अपवादात्मक होती आणि मेरेरची नौका कामाची होती. तांबड्या समुद्राच्या काठी वाडी अल-जार्फ येथे पिएर तालेत यांच्या पथकाला २०१३ साली हे पपायरस मिळाले. त्यांत खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांतल्या नोंदी आहेत. मेरेरच्या हाताखाली सुमारे चाळीस माणसे. दिवस तुराच्या खाणीत दगड भरण्यात जातो, मग भरलेली नौका प्रवाहाबरोबर निघते, रात्र ‘खुफूचे तळे’ म्हटलेल्या जलाशयापाशी काढतात, दुसऱ्या दिवशी पिरॅमिडच्या पायथ्याशी दगड उतरवतात आणि रिकामी नौका परत निघते. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा होत. नोंदी कोरड्या आहेत, एकाखाली एक, रकान्यांत. मला त्या कोणत्याही राजाच्या शिलालेखापेक्षा विश्वासार्ह वाटतात.

याहून जड ओझ्यासाठी पडाव वेगळे. पहिल्या थुतमोस राजाचे ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचे उंच, निमुळते स्तंभ, आणण्यासाठी १२० हात लांब आणि ४० हात रुंद, म्हणजे सुमारे ६३ मीटर बाय २१ मीटरचे जहाज बांधल्याचे इनेनी या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. हत्शेप्सुत राणीच्या देर अल-बहारी येथील मंदिरात ओबेलिस्क लादलेला पडाव आणि त्याला दोरांनी ओढणाऱ्या वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. एवढा दगड नौकेवर चढवायचा कसा, याचे एक उत्तर रोमन लेखक प्लिनीने टॉलेमी राजांच्या काळातील एका ओबेलिस्कविषयी दिले आहे. पडलेल्या ओबेलिस्कखालून कालवा खणला, दगडांच्या तुकड्यांनी भरलेल्या नौका त्याच्याखाली नेल्या आणि मग ते तुकडे काढून टाकले. नौका हलक्या होऊन वर आल्या आणि त्यांनी ओबेलिस्क उचलून धरला.

अस्वानच्या पुढे धबधबे लागत. तिथे वेनीने पाच कालवे खणले. दुसऱ्या धबधब्यापाशी मिर्गिस्सा येथे ओल्या चिखलाने लेपलेली, लाकडे टाकलेली घसरवाट सापडली आहे. नौका पाण्याबाहेर काढून तिच्यावरून ओढत नेत.

नदीकाठच्या सामान्य माणसाच्या जगण्यात नौकेला किती स्थान होते ते थडग्यांतील एका ठरलेल्या वाक्यावरून कळते. भुकेल्याला भाकर दिली, उघड्याला वस्त्र दिले आणि ज्याच्याकडे नौका नव्हती त्याला पार नेले, असे मृत माणूस स्वतःविषयी सांगतो.

पायरी नववी : समुद्रावर न्यायची असेल तर

समुद्रात लाटेच्या माथ्यावर नौका मधोमध उचलली जाते आणि टोके खाली लोंबतात. कणा नसलेले कवच तिथे मोडेल. त्यावर उपाय म्हणून नाळेपासून पिछाडीपर्यंत, वर उभ्या दुबेळक्यांवरून, जाड दोर ताणत आणि त्यात काठी घालून पिळा देत. टोके त्यामुळे वर ओढलेली राहत. साहुरे राजाच्या अबुसिर येथील शिल्पांत आणि हत्शेप्सुतच्या, तांबड्या समुद्रावाटे गाठायच्या पुंत देशाच्या मोहिमेच्या चित्रांत हा दोर ठळक दिसतो. चित्रातली नौका नदीची की समुद्राची, हे ओळखण्याची ती पहिली खूण धरावी.

तांबड्या समुद्राच्या काठी लाकूड नाही. म्हणून नौका नाईलकाठी कोप्तोस येथे बांधत, सोडवत, वाळवंटातून समुद्रापर्यंत नेत आणि तिथे पुन्हा जोडत. आरंभी सांगितलेली गोष्ट येथे कामाला येते. वाडी गवासिस येथे कॅथरीन बार्ड आणि रोडोल्फो फातोविच यांच्या पथकाला बाराव्या राजवंशाच्या काळातील गुहा मिळाल्या. त्यांत गुंडाळून ठेवलेले दोर जागच्या जागी होते, दगडी नांगर होते, सुकाणूची पाती होती, आणि ‘पुंतच्या नवलाईच्या वस्तू’ असे लिहिलेल्या लाकडी पेट्याही होत्या. या पुराव्यावरून शेरिल वॉर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेली वीस मीटरांची नौका २००८ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात चालवून पाहिली गेली. फळ्या फुगल्यावर तिचे सांधे बंद झाले आणि ती चांगली चालली.

पायरी दहावी : परत आल्यावर सोडवावी

मोहीम संपली की दोर सोडायचे, फळ्या उतरवायच्या आणि प्रत्येक फळी तपासायची. गवासिसच्या फळ्यांत समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भोके आहेत. पोखरलेला भाग तासून टाकत, चांगला ठेवत, आणि अगदीच निकामी फळ्या गुहेच्या उंबऱ्याला वा उतारावर टाकत. लिश्त येथे पहिल्या सेनुस्रेतच्या पिरॅमिडजवळ दगड ओढण्याच्या वाटांत जुन्या मालवाहू नौकांचे लाकूड गाडलेले मिळाले. पुढे रोमन काळात बेरेनिके बंदरात घरांना भारतीय सागवान वापरलेले आढळते. तेही बहुधा मोडलेल्या जहाजांचेच.

पुन्हा जोडताना कोणती फळी कुठली हे कळावे म्हणून खुणा लागत. खुफूची नौका १९५४ मध्ये कमाल अल-मल्लाख यांना पिरॅमिडशेजारच्या खड्ड्यात १,२२४ सुट्या भागांच्या रूपात सापडली. अहमद युसुफ मुस्तफा यांनी अनेक वर्षे खपून ती जोडली. त्यांना फळ्यांवरच्या सुतारांच्या खुणांची मदत झाली, कारण भाग पुढचा की मागचा, डावा की उजवा, हे त्या सांगत होत्या. प्रतिकृती करणाऱ्यांनीही फळी तासताच तिच्या आतल्या अंगावर अशी खूण करावी. एकदा ढीग झाला की डावी-उजवी ओळखणे अशक्य होते.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर खुफूची नौका २०२१ पासून गीझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे, आणि ‘ती’ या अधिकाऱ्याचे थडगे सक्कारा येथे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना दूर जावे लागत नाही. दहशूर येथे १८९४-९५ मध्ये जाक द मॉर्गन यांना मिळालेल्या, तिसऱ्या सेनुस्रेतच्या काळातील सुमारे दहा मीटरांच्या नौकांपैकी एक शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आणि एक पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियममध्ये ठेवलेली आहे, तर मेकेत्रेच्या लाकडी नौकांपैकी बऱ्याच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. दहशूरच्या नौकेपाशी उभे राहिल्यावर आधी तळाची मधली जाड फळी शोधावी, मग तिच्यापासून वर जाणाऱ्या आखूड फळ्यांच्या कडा नजरेने एकेक करून मोजत काठापर्यंत जावे. बाहेरच्या रंगाकडे सर्वांत शेवटी पाहावे.